बूट उतारासाठी निवडा: एका दिवसाच्या भटकंतीसाठी हलके बूट कसे घ्यावेत

दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर जवळजवळ प्रत्येक बूट छान वाटतो. चढावरही बहुतेक बूट चालून जातात, कारण चढताना पाऊल बुटात मागे सरकतं, टाच टेकते आणि बोटं मोकळी राहतात. बुटाचा खरा कस लागतो तो परतीच्या उतारावर. मांड्या थकलेल्या, पाय सुजलेले, वाट घसाऱ्याची, आणि शरीराचा सगळा भार दर पावलाला बुटाच्या पुढच्या टोकाकडे ढकलला जातोय. तिथे जो बूट साथ देतो तो चांगला. दुकानात मी एकूणएक गोष्ट याच एका प्रश्नावर घासून बघते: हा बूट उतरताना कसा वागेल?

मी डोंगरात गट घेऊन जाते, बहुतेक वेळा सकाळी निघून संध्याकाळी परत. उतरण सुरू झाली की मी मुद्दाम शेवटी राहते आणि पुढच्यांची पावलं बघते. पाऊल आडवं टाकत, तिरकं तिरकं उतरणाऱ्याची बोटं बुटाच्या टोकावर आपटत असतात. जो सारखा थांबून नाड्या आवळतो त्याची टाच आत वरखाली होत असते. आणि साध्या जागीही जो खाली बसून हात टेकतो, त्याचा आपल्या सोलवर भरवसा उरलेला नसतो. बोटं, टाच आणि सोल. एका दिवसाच्या भटकंतीत बुटांची बहुतेक दुखणी या तिघांपाशीच येऊन थांबतात.

हे सगळं पायवाटेवरच्या, पाठीवर पाच-सात किलोच्या आत वजन असलेल्या चालण्याबद्दल आहे. बर्फावर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे अणकुचीदार धातूचे दाते) लावून चालायचं असेल किंवा आठवडाभराचं सामान घेऊन जायचं असेल, तर हलके बूट त्या कामाचे नाहीत.

वजन, आणि ते कुठून कमी केलंय

पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी महाग पडतं. पाठपिशवी धडाबरोबर साधारण एका लयीत पुढे जाते. पाऊल मात्र दर वेळी थांबतं, उचललं जातं, वेगाने पुढे जातं आणि पुन्हा थांबतं, आणि बूट प्रत्येक वेळी त्याच्यासोबत हा सगळा प्रवास करतो. ऊर्जेच्या हिशेबात पायातला एक किलो पाठीवरच्या साधारण चार ते सहा किलोंइतका पडतो, असं सैनिक आणि गिर्यारोहकांवरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. अगदी साधा हिशेब करून बघा. दहा किलोमीटरच्या वाटेत सुमारे पंधरा हजार पावलं पडतात, म्हणजे प्रत्येक पाय साडेसात हजार वेळा उचलला जातो. बूट दोनशे ग्रॅमने हलका असेल तर दिवसभरात त्या एका पायाने दीड हजार किलो कमी उचलले.

हा फरक सकाळी जाणवत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात, आणि अशा कामाने ते लवकर थकतात. थकलेला माणूस पाऊल कमी उचलतो. मग बुटाचं टोक मुळाला किंवा दगडाला अडकतं. संध्याकाळच्या धडपडीमागे पुष्कळदा हेच कारण असतं.

आकडेच हवे असतील तर, युरोपीय 42 मापाच्या आसपास घोट्याखालच्या हलक्या बुटांची जोडी साधारण 600 ते 800 ग्रॅम भरते, घोटा झाकणारी हलकी जोडी 800 ते 1,100 ग्रॅम, आणि जाड चामड्याचे जुन्या पद्धतीचे बूट 1,300 ग्रॅमच्या पुढे जातात. माहितीपत्रकात लिहिलेलं वजन एका बुटाचं आहे की जोडीचं, आणि कोणत्या मापाचं, हे आधी बघा. कंपन्या दोन्ही पद्धतींनी लिहितात.

वजन घटलं म्हणजे बुटातून काहीतरी काढून टाकलेलं असतं. ते काय आहे हे शोधणं ही खरी निवड. वरचं जाड चामडं काढून जाळीचं कापड लावलं असेल तर माझी हरकत नाही. खालचं रबर पातळ केलं असेल, पुढचं टोक उघडं सोडलं असेल, टाचेभोवतीचा कडक भाग मऊ केला असेल, तर तो बूट सपाट वाटेवर फिरायला ठीक आहे, दगडगोट्यांच्या उतारावर मी तो घालणार नाही.

पाय मोजा, मग बूट बघा

संध्याकाळी मोजा. दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि चालताना आणखी फुगतो. सकाळी अगदी नेमका बसणारा बूट दुपारनंतर चावायला लागतो तो यामुळेच. कागद भिंतीला टेकवून ठेवा, त्यावर टाच भिंतीला लावून उभे राहा. बसून नको, उभं राहून, कारण वजन पडलं की पाऊल लांबतं आणि पसरतं. पेन्सिल सरळ धरून रेघ काढा. दोन्ही पायांची काढा. बहुतेक माणसांचे दोन पाय थोडे लहानमोठे असतात. बूट मोठ्या पायाला घ्यायचा आणि लहान पायात गरज पडली तर आत एक पातळ इनसोल, म्हणजे बुटातली सुटी गादी, जास्तीची घालायची.

आता लांबी मिलिमीटरमध्ये मोजा आणि तोच आकडा लक्षात ठेवा. ब्रिटिश मापाचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, सुमारे पावणेसात मिलिमीटर. दोन्ही पट्ट्यांच्या पायऱ्याच वेगवेगळ्या उंचीच्या असल्यामुळे एकाचं दुसऱ्यात रूपांतर कधीच तंतोतंत बसत नाही, आणि प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ते वरखाली ढकलते. पुष्कळ बुटांच्या जिभेवर आतल्या बाजूला सेंटिमीटर किंवा मिलिमीटरमधलं मापही छापलेलं असतं. तुलना त्याच्याशी करा.

आणखी एक माप आहे. ते फार कमी लोक घेतात, मला मात्र ते लांबीइतकंच महत्त्वाचं वाटतं: टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंतचं अंतर. अमेरिकेत 1920च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक यांनी पाय मोजायचं जे धातूचं साधन बनवलं, त्यात लांबी-रुंदीबरोबर हे तिसरं माप घ्यायची सोय आहे. दोन माणसांची पावलं सारख्याच लांबीची असतील, पण एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड असतील, तर त्यांची पावलं वेगवेगळ्या जागी वाकतात. बूटही एका ठरावीक जागी वाकतो. या दोन जागा जुळल्या नाहीत तर दर पावलाला तळव्याखाली काहीतरी खुपत राहतं, आणि कितीही वापरला तरी तो बूट पायात रुळत नाही. कागदावर त्या उंचवट्याची खूण करून ठेवा आणि बूट हातात वाकवून बघताना तिथेच वाकतोय का ते पडताळा.

दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट, बुटातली इनसोल बाहेर काढा आणि मोज्यासकट तिच्यावर उभे राहा. टाच तिच्या खोलगट भागात नीट बसवा. सर्वात लांब बोटाच्या पुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. सर्वात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट पुढे असतं. चवडा दोन्ही बाजूंनी इनसोलच्या कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट ठेवून द्या. एक नंबर मोठा घेऊन रुंदी मिळवायचा प्रयत्न करू नका, कारण मग टाच सैल पडते आणि उतरताना सगळं पाऊल पुढे घसरतं. त्याऐवजी त्याच मापात रुंद साचा मागा. रुंद साचे बऱ्याच कंपन्या बनवतात. बायकांसाठीच्या साच्यात सहसा टाच अरुंद असते. अरुंद टाचेच्या पुरुषांना आणि रुंद पावलाच्या बायकांना दुसऱ्या रांगेतले बूट बघायला काहीच हरकत नाही. मी स्वतः दोन्हीकडे बघते, कारण माझा चवडा रुंद आणि टाच बारीक आहे, आणि अशा पायाला बूट मिळायला वेळ लागतो.

मोजे घरून न्या, ज्यांत चालणार आहात तेच. लोकरीचे किंवा सिंथेटिक. सुती मोजा घाम धरून ठेवतो, आणि ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा मोज्याला जास्त चिकटते. हाड आत हलतं, कातडी बाहेर अडकून राहते, मधल्या थरांत ताण येतो आणि फोड येतो. पुष्कळदा बुटाच्या नावाने खडे फोडले जातात, दोष मोज्याचा असतो.

दुकानातला उतार

आता बूट घाला, पण नाड्या बांधू नका. पाऊल पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवा. टाचेमागे एक बोट सहज जावं. दोन बोटं आरामात जात असतील तर बूट मोठा, एकही जात नसेल तर लहान. मग टाच मागे नेऊन जमिनीवर एकदा ठोका आणि त्या स्थितीत नाड्या बांधा.

काही दुकानांत लहानसा लाकडी किंवा खडकाळ उतार ठेवलेला असतो. तो असेल तर त्यावर खाली तोंड करून उभे राहा, गुडघे वाकवा, जागच्या जागी दोन-तीनदा पाय आपटा. बोटं टोकाला लागता कामा नयेत, हळूच लागली तरी नाही. दुकानात जे हळूच लागतं ते दोन तासांच्या उतारात हजारो वेळा लागतं, आणि काळी पडलेली नखं त्यातूनच येतात. उतार नसेल तर जिना शोधा आणि भराभर उतरा. बूट पायात पंधरा-वीस मिनिटं तरी राहू द्या. विक्रेत्याला घाई असेल तर दुसऱ्या वेळी या, पण हा वेळ कापू नका.

चालताना टाच किंचित उचलली जात असेल, चार-पाच मिलिमीटर, तर नव्या बुटात ते चालतं, सोल थोडा नरम झाला की कमी होतं. त्याहून जास्त हालत असेल तर नाडी बांधायची पद्धत बदलून बघा. सर्वात वरच्या छिद्रात नाडी समोर न नेता त्याच बाजूला घाला, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक छोटा फास तयार होईल. आता प्रत्येक नाडी समोरच्या फासातून ओवा, खाली आणि मागे ओढून घट्ट करा, मग गाठ मारा. टाच मागच्या वाटीत दाबून बसते. वरती नाडी अडकवायचे हूक असलेल्या बुटांत घोट्याच्या वळणापाशी नाडीला नाडीचे दोन वेढे द्या, तिथे ती अडकते आणि खालचा भाग सैल, वरचा घट्ट असं वेगवेगळं ठेवता येतं. माथ्यावरून परत निघताना मी गटातल्या प्रत्येकाला बसवून नाड्या सोडायला लावते आणि अशा पुन्हा बांधून घेते. पाच मिनिटं जातात, आणि बऱ्याच जणांची बोटं वाचतात.

असं बांधूनही बोटं पुढे लागत असतील तर तो बूट तुमचा नाही. मापात बसत असला, रंग आवडला असला तरी नाही. चामडं सैल होईल, रुळेल, या आशेवर हलका बूट घेऊ नये. हलक्या बुटांत रुळायला फारसं काही नसतंच. ते पहिल्याच दिवशी बरे वाटले पाहिजेत.

सोल

1935 साली इटलीच्या आल्प्समध्ये खराब हवामानात सापडून सहा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्यांच्या चमूतले मिलानचे व्हिताले ब्रामानी यांच्या मनाने घेतलं की अपुऱ्या पादत्राणांचाही या मृत्यूंमध्ये वाटा होता. त्या काळी वाटेवर खिळे ठोकलेले जड बूट आणि कठीण कड्यावर पातळ तळाचे हलके बूट, असे दोन वापरायची रीत होती. ब्रामानींनी टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीच्या मदतीने खोल खाचांचा रबरी सोल बनवला, 1937मध्ये तो बाजारात आणला आणि आपल्याच नावातून त्याचं नाव ठेवलं, व्हिब्रम. 1954 साली के2 शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांना हाच सोल होता. आज बहुतेक डोंगरी बुटांच्या तळाशी जे रबरी दात दिसतात ते त्याच कल्पनेचे वारस.

हे दात उतारासाठी कसे बघायचे? खोली चार-पाच मिलिमीटर असावी. दातांमध्ये अंतर असावं, नाहीतर चिखल भरून बसतो आणि तळ सपाट होतो. सर्वात महत्त्वाचं, टाचेचे दात पुढच्या दातांच्या उलट दिशेने वळलेले असावेत आणि टाचेपुढे एक स्पष्ट कडा, एक पायरी असावी. घसाऱ्यावर टाच रोवून उतरताना तीच कडा ब्रेक लावते. टाचेपासून चवड्यापर्यंत तळ सलग सपाट असेल तर त्या बुटाने मातीच्या उतारावर घसरायला होतं.

रबर मऊ असेल तर ओल्या कातळावर चांगलं धरतं आणि लवकर झिजतं. कडक असेल तर टिकतं, पण शेवाळलेल्या दगडावर भरवसा देत नाही. नखाने दाबून बघा, किंचित दबलं पाहिजे. मला टिकाऊपणापेक्षा पकड हवी असते. तुमच्या वाटा कोरड्या आणि खडीच्या असतील तर तुमचं उत्तर वेगळं येईल, आणि ते बरोबरच असेल.

मग बूट दोन्ही हातांत धरून ओला कपडा पिळतो तसा पिळून बघा. थोडा पिळला जावा, पण विरोध करून. अगदीच सहज पिळला गेला तर तिरक्या दगडावर पाऊल कलंडेल. टोक वर दाबल्यावर तो चवड्यापाशी वाकावा. मधोमध वाकणारा बूट तळव्याच्या कमानीला थकवतो. तळाच्या मध्यभागी बाहेरून अंगठा जोरात दाबा आणि दुसरा हात आत ठेवा. दाब स्पष्ट जाणवला तर टोकदार खडीही जाणवणार. आतला फेसाचा थर हलक्या बुटांत बहुधा ईव्हीए नावाच्या फेसाचा असतो. तो हलका आणि मऊ असतो, पण दबत जातो. पॉलियुरेथेनचा थर जड, पण जास्त दिवस आकार धरतो.

घोट्यावरून होणारा वाद

उंच बूट घेतला की घोटा मुरगळत नाही, असं सगळेच सांगतात. यामागचा पुरावा लोकांना वाटतो तितका भक्कम नाही. 1993मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात उंच आणि बुटके बूट वाटून दिले होते, आणि मुरगळण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. बास्केटबॉलचं मैदान म्हणजे डोंगर नव्हे, हे मान्य. पण हलक्या बुटाची मऊ कापडी कॉलर हातात घेऊन वाकवून बघा. ती तुमच्या शरीराचं वजन कसं थोपवणार? घोट्याला आधार खालून मिळतो: टाचेभोवतीची कडक वाटी, सोलची रुंदी, आणि पिळाला होणारा विरोध. टाचेची वाटी मागून दोन बोटांनी दाबा. सहज चेपली तर बूट परत ठेवा.

तरीही घसाऱ्याच्या आणि काटेरी झुडपांच्या वाटेवर मी घोटा झाकणारा बूटच घेते. खडे आत येत नाहीत, दगडाला घासून घोटा सोलवटत नाही, थंडीत ऊब राहते. स्वच्छ, मळलेल्या पायवाटेवर घोट्याखालचा बूट मला जास्त आवडतो, कारण तीव्र उतारावर घोटा मोकळा असेल तर पूर्ण पाऊल टेकवता येतं. पूर्वी घोट्याला दुखापत झालेली असेल तर याबाबत आपल्या फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्या.

पाणी आत आणि बाहेर

1969मध्ये रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनचं पॉलिमर झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा तयार केला. त्यातून गोरटेक्स आलं. पाण्याचा थेंब आत जात नाही, वाफ बाहेर जाते, अशी ती रचना, आणि ती काम करते. फक्त वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि कोरडी लागते. दमट उकाड्यात घाम आतच राहतो. शिवाय कॉलरवरून एकदा पाणी आत शिरलं की त्याच पडद्यामुळे ते बाहेर जात नाही, आणि बूट वाळायला खूप वेळ घेतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. थंडीत, दवाने भिजलेल्या गवतात, विरघळत्या बर्फाजवळ चालणार असाल तर जलरोधक बूट घ्या. उष्ण हवेत, किंवा जिथे ओढे पायानेच ओलांडायचे आहेत तिथे, साध्या जाळीचे बूट जास्त सुखाचे. भिजतात, पण चालता चालता पाणी बाहेर टाकतात. एका दिवसाच्या भटकंतीत संध्याकाळी घरी जायचं असतं, त्यामुळे ओल्या बुटात रात्र काढायचा प्रश्न येत नाही.

बाकीचं पटकन: जीभ दोन्ही बाजूंनी आत शिवलेली असावी, म्हणजे माती शिरत नाही. टोकावर रबराचं जाड आवरण असावं. बूट जिथे वाकतो तिथे शिवण नसलेली बरी. रंग तुमच्या आवडीचा.

घरी आणल्यावर

दोन-तीन दिवस घरातच स्वच्छ फरशीवर घाला. तळ मळला नसेल तर बहुतेक विक्रेते बदलून देतात. पण ती अट खरेदीच्या वेळीच विचारून घ्या. ऑनलाइन घेणार असाल आणि परत करायची सोय असेल तर शेजारशेजारची दोन मापं मागवा आणि जिन्यावर दोन्ही उतरून बघा. मग एक-दोन लहान चालणी करून मोठ्या वाटेला लागा.

भिजलेले बूट शेकोटीजवळ, हीटरवर किंवा कडक उन्हात वाळवू नका. हलक्या बुटांचे सोल बहुधा शिवलेले नसतात, चिकटवलेले असतात, आणि उष्णतेने डिंक सुटतो. इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, सावलीत ठेवा, कागद ओले झाले की बदला.

जुनी जोडी बाहेर काढताना निघायच्या आठवडाभर आधी तपासा. पॉलियुरेथेनचा थर न वापरताही हवेतल्या ओलाव्याने वर्षांनुवर्षांत आतून ठिसूळ होतो. बूट नवाकोरा दिसतो आणि वाटेतच तळाचा भुगा होतो. टाचेपाशी सोल हाताने ओढून बघा, बाजूचा फेस अंगठ्याने दाबून बघा. ईव्हीए असेल तर त्याच्या बाजूला खोल आडव्या सुरकुत्या पडल्यात का, आणि टेबलावर ठेवल्यावर मागून बघताना बूट एका अंगाला कललाय का, ते बघा. कलला असेल, किंवा टाचेपुढची कडा झिजून गोल झाली असेल, तर ती जोडी बाजाराला जायला ठेवा आणि उतारासाठी नवीन घ्या.